फिफ्टी शेड्स वाचलं: खोलीत विचारणारा माणूस खोलीबाहेर का विचारत नाही?

कृष्णाकाठ, सांगली

फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे मी आत्ता वाचलं. २०११ ला आलेलं पुस्तक, जगभर करोडोंनी प्रती खपल्या, नावं ठेवून झाली, पिक्चर येऊन गेले, लोक विसरले पण असतील, पण माझ्या हातात आत्ता आलं आणि डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतेय. आमच्या भिशीत विषय काढून बघितला होता, दोघीतिघी नुसत्या हसल्या, एकजण चहा टाकायला उठली. वाचलेलं बहुतेक सगळ्यांनी होतं पण बोलायचं कुणालाच नव्हतं.

गोष्ट पूर्ण सांगणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथंच थांबा.

ॲना २१ वर्षांची, कॉलेजचं शेवटचं वर्ष, इंग्रजी साहित्य. रूममेट आजारी पडली म्हणून तिच्याऐवजी एका बड्या उद्योगपतीची मुलाखत घ्यायला सिॲटलला जाते आणि त्याच्या केबिनच्या दारातच धडपडते. तो ख्रिश्चन ग्रे, वय २७, अफाट पैसा, दिसायला देखणा. दोघं एकमेकांकडं ओढले जातात पण त्याची आवड वेगळी आहे. शरीरसंबंधात हुकूम त्याचा, तिनं पाळायचा, चुकली तर शिक्षा, आणि ह्यासाठी त्याच्याकडं चक्क छापील करार आहे, कलमं, परिशिष्टं सगळं. पहिला भाग ह्या कराराभोवतीच फिरतो, आणि ती शेवटपर्यंत त्यावर सही करत नाही हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

घाण आहे, घाण आहे असं सगळे म्हणतात. मला घाण वाटलं नाही. दोन मोठी माणसं बंद दाराआड राजीखुशीनं काय करतात त्याचं वर्णन आहे, त्यात लाजण्यासारखं काय आहे मला कळलं नाही. लिहिलंय मात्र बेताचं. ती पानोपानी ओठ चावते, लाल होते, तिच्या मनात एक देवी बसलीय ती खूश झाली की नाचायला लागते. तरी पण रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले हेही खरंय.

आता मला जे बोलायचंय ते. पोर्टलंडच्या एका हॉटेलात दोघं जेवायला बसतात आणि त्या करारावर बोलतात. हे चालेल, हे नाही, हे तर मुळीच नाही, हे काय असतं मला माहीत नाही ते आधी सांग. आणि तो ऐकतो. खोडतो. बदलतो. बाकीच्या प्रसंगांचं राहू द्या, मी थांबले ती ह्या पानांवर, दोनदा वाचली. कारण माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली, नवरा चांगला आहे, हे वरवरचं लिहीत नाहीये, खरंच चांगला आहे, पोरांच्या शाळेपासून माझ्या आईच्या ऑपरेशनपर्यंत सगळीकडं उभा राहिलेला माणूस आहे, पण तुला काय आवडतं, काय नको वाटतं, हे आमच्यात कधी बोललंच गेलं नाही. बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का विचारलं, नोकरी करणार का विचारलं, मंगळ आहे का विचारलं. हे कुणी विचारायचं असतं हेच आम्हा दोघांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि त्याच पुस्तकाचा मला भयंकर राग पण आला. कारण खोलीत इतकं विचारणारा हा माणूस खोलीबाहेर एक गोष्ट विचारत नाही. ती मैत्रिणीबरोबर बारमध्ये आहे तर फोनवरून जागा शोधून तिथं येऊन उभा. तिची जुनी गाडी परस्पर विकून टाकली, नवी ऑडी दारात. ती जरा विचार करायला म्हणून आईकडं जॉर्जियाला गेली तर हा मागोमाग तिकडं. दुसऱ्या भागात तिला नोकरी लागते तर ती प्रकाशनसंस्थाच विकत घेतो. काय खायचं, किती झोपायचं, व्यायाम किती, कपडे कुठले, हे सगळं त्याच्या अटींत आहे. आणि ती रागावते, भांडते, मग विरघळते, आणि पुस्तक म्हणतं बघा कसलं प्रेम करतो.

हे मला परकं वाटलं नाही. लोकेशन पाठव, कुणाचा फोन होता, हा ड्रेस घालून जाऊ नको, जेवलीस का फोटो पाठव. आमच्या कॉलनीतल्या एका पोरीचं साखरपुडा झाल्यापासून हेच चाललंय आणि तिची आई कौतुकानं सांगते की जावई फार काळजी करतो. ग्रेकडं हेलिकॉप्टर नसतं, तो शंभर फुटी रोडवरच्या कुठल्या दुकानात कामाला असता, तर ॲनाला तिच्या मैत्रिणींनीच सांगितलं असतं की बाई माघारी फिर.

म्हणजे विचारायचं कसं हे पण ह्याच पुस्तकात आहे आणि न विचारता माणूस ताब्यात कसा घ्यायचा हे पण ह्याच पुस्तकात आहे, आणि वाचणाऱ्या पोरींना दुसरंच प्रेम म्हणून दिलंय. तुम्हाला काय वाटलं लिहा. पुरुषांनी पण लिहा, फक्त वाचून लिहा.


पोवईनाका, सातारा

पुस्तक चाळलंय, पूर्ण नाही. पिक्चर आपल्याकडं थेटरात लागलाच नाही, २०१५ ला सेन्सॉरनं सर्टिफिकेट नाकारलं होतं. पुस्तक मात्र उघड्यावर, रस्त्याकडेच्या ढिगात सुद्धा बघितलंय मी. धागा वाचतोय.


निळीशाई, कराड

मी तिन्ही भाग वाचलेत आणि मला आवडलेत, हे आधीच सांगते कारण असल्या धाग्यावर आवडलं म्हणणारं कुणी येत नाही.

ताई, तुमचा राग समजला पण अर्धाच पटला. वाचणाऱ्या बाईला कळत नाही असं आपण का धरून चालतो? मी सकाळी पाचला उठते, दोन डबे, सासूबाईंचं पथ्याचं वेगळं, मग ऑफिस, तिथं हाताखालच्या दहा जणांचे निर्णय माझ्यावर, घरी आल्यावर भाजी कुठली हे पण मीच ठरवायचं. दिवसभर ठरवून ठरवून दमलेल्या बाईला रात्री एक तास असं वाटलं की कुणीतरी दुसऱ्यानं ठरवावं, आपण नुसतं असावं, तर त्यात काय चुकलं? ते मला कल्पनेत हवंय. घरात कुणी माझा फोन तपासला तर मी त्याला दारात उभा करणार नाही. कल्पनेत हवं असणं आणि खरोखर हवं असणं ह्या दोन गोष्टी बायकांना पक्क्या कळतात.

आणि एक माहिती, कदाचित तुम्हाला उपयोगी पडेल. हे पुस्तक मुळात ट्वायलाइट ह्या कादंबऱ्यांच्या एका चाहतीनं इंटरनेटवर लिहिलेली गोष्ट होती, पात्रांची नावं पण तीच, मग नावं बदलून पुस्तक केलं. ट्वायलाइटमधला नायक रक्तपिशाच्च, तो पण तिच्या मागं मागं फिरतो, ती झोपलेली असताना खिडकीतून येऊन बघत बसतो. तिथं निदान कारण दिलंय की तिच्या जिवाला धोका आहे. इथं पिशाच्च काढून उद्योगपती बसवला, मागं फिरणं तेवढं तसंच राहिलं आणि धोका गायब. म्हणून ते इतकं खटकतं असं मला वाटतं.


कृष्णाकाठ, सांगली

निळीशाई, फार बरं वाटलं तुम्ही आलात. दमलेल्या बाईचं जे लिहिलंय ते शंभर टक्के पटलं, ह्या बाजूनं मी बघितलंच नव्हतं. ट्वायलाइटचं माहीत नव्हतं, आता त्या बारच्या प्रसंगाचा उलगडा झाला.

पण तुम्हाला कळतं ते तुमचं वय, तुमची नोकरी, तुमचा पगार ह्याच्यामुळं पण कळतं ना. एकोणीस वर्षांच्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा ह्या विषयावर काही वाचलं आणि ते हेच असलं तर? तिच्याकडं ताडून बघायला दुसरं काय आहे? आई बोलत नाही, शाळेत तो धडा बाईंनी घरी वाचा म्हणून सोडलेला.


धोमकाठ, वाई

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. हे पुस्तक नातीच्या टेबलावर दिसलं, तिला विचारून घेतलं आणि दोन बैठकांत वाचलं. वयाचा संकोच बाजूला ठेवून लिहितो.

आपल्याकडं हे कधी बोललं गेलं नाही असं वर आलंय, त्याबद्दल थोडं. घरात बोललं गेलं नाही हे खरं. भाषेत मात्र भरपूर बोललं गेलंय. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती घ्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वजातल्याच. त्यात गावातल्या बायका बोलतात. मैत्रिणीशी, वाटसरूशी, स्वतःशी. काय हवंय, कुणाची वाट बघतोय, नवऱ्यात काय कमी आहे, सगळं. पुढं लावणी. आपल्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, त्यांच्या लावण्यांत बाई पुढं होऊन मागते. फरक एवढाच की लिहिणारा शाहीर पुरुष, ऐकणारे बहुतेक पुरुष, आणि जी म्हणायची तिला घरंदाज म्हणायची तयारी कुणाची नव्हती. म्हणजे बाईच्या तोंडी इच्छा चालली, पण घरातल्या बाईच्या तोंडी नाही. आज ती नेमकी घरातल्या बाईच्या हातात मोबाईलवर आलीय, त्यामुळं भिशीत हसू येतं.

खटल्यांचं म्हणाल तर चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, अश्लील म्हणून खटला झाला, हायकोर्टानं त्यांना दोषी धरलं आणि १९६९ ला सुप्रीम कोर्टानं सोडलं. आज ती कथा वाचली तर तुम्हाला कळणार नाही एवढं काय होतं त्यात.

आता ह्या कादंबरीबद्दल. तुमच्या सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांची ययाति १९५९ ची, विषय वासनेचाच. पण ती गोष्ट ययाति सांगतो, देवयानी सांगते, शर्मिष्ठा सांगते. त्यामुळं एकाची भूक दुसऱ्याच्या अंगावर कशी पडते ते आपल्याला दिसतं. इथं तिन्ही भागांत जवळजवळ सगळं ॲनाच्याच डोळ्यांतून, आणि ती प्रेमात, त्यामुळं तो गाडी विकतो तेव्हा ती गाडी विकणं आपल्याला प्रेमाच्या धुक्यातून दिसतं. २०१५ ला लेखिकेनं तीच गोष्ट त्याच्या तोंडून पुन्हा लिहिली असं नातीनं सांगितलं, ते मी वाचलेलं नाही.

मला जे सगळ्यात खुपलं ते कुणीच काढलं नाही अजून. हा ग्रे १५ वर्षांचा असताना आईच्या एका मैत्रिणीनं त्याला ह्यात ओढला. तो म्हणतो त्या संबंधानं मला वाचवलं. ॲना मात्र सरळ म्हणते की हा एका पोरावर झालेला अत्याचार आहे. लेखिकेनं ॲनाच्या तोंडी खरं घातलं आणि मग ते पुढं नेलंच नाही, मत्सराचा विषय करून टाकला, ती दुसरी बाई म्हणून. शिक्षक म्हणून माझ्यासमोर त्या वयाची पोरं आयुष्यभर बसली. मुलगा आहे म्हणून त्याला काय झालं असं आपण आजही म्हणतो. तिथं मला पुस्तक खाली ठेवावं वाटलं.


कृष्णाकाठ, सांगली

सर, शेवटचा मुद्दा माझ्याकडून पूर्ण निसटला होता. मी पण तो भाग त्या बाईचा मत्सर म्हणूनच वाचला. धन्यवाद मनापासून. आणि नातीला विचारून पुस्तक घेतलंत आणि वाचलंत, अशी माणसं घरात असली तर पोरींचं निम्मं काम होईल.


काळाकोट, मिरज

कायद्याच्या बाजूनं थोडं, कारण काळजी की ताबा ह्यावर माझ्याकडं रोज कुणीतरी बसलेलं असतं.

असला करार आपल्याकडं केला तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २३ खाली तो रद्दबातल, कोर्ट त्याला हात लावणार नाही. ते सोडा. ग्रे खोलीबाहेर जे करतो त्याबद्दल कायद्याला बोलता येतं. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्यात हिंसा म्हणजे नुसती मारहाण नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक आणि भावनिक, आर्थिक, चारी धरलंय. लग्न झालेलंच असावं असंही नाही, लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिले असले तरी चालतं. तिच्या मालकीच्या वस्तूची परस्पर विल्हेवाट लावणं आर्थिकमध्ये येऊ शकतं. आणि कलम १८ खाली कोर्ट त्याला तिच्या कामाच्या जागी जायला मनाई करू शकतं. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्यायसंहितेत कलम ७८, पण त्यात तिनं नको असल्याचं स्पष्ट दाखवलेलं असावं लागतं, आणि ॲनाची पंचाईत नेमकी तिथंच आहे, ती स्पष्ट नाही म्हणतच नाही.

आता दुसरी बाजू, ताईंनी लिहिलेल्या विचारण्याची. अठरा वर्षांवरच्या बायकोशी नवऱ्यानं तिच्या संमतीशिवाय संबंध केला तर आपल्या कायद्यात तो बलात्कार धरत नाहीत. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ३७५ चा दुसरा अपवाद होता, १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली त्यात कलम ६३ खाली तो अपवाद तसाच ठेवलाय. म्हणजे खोलीत विचार असं नवऱ्याला कायदा पण सांगत नाही. माझ्याकडं येणाऱ्या बायका मारहाण सांगतात, पैसे सांगतात, हे कधीच सांगत नाहीत, तिसऱ्या चौथ्या भेटीत कधीतरी निघतं, ते पण मान खाली घालून. ह्या पुस्तकातलं ते टेबलवरचं बोलणं मला म्हणून महत्त्वाचं वाटतं, ताईंशी पूर्ण सहमत.


निळीशाई, कराड

वकीलसाहेब, हे कलम ६३ चं वाचून अंगावर काटा आला. माहीत होतं तरी.


पांढराकोट नव्हे पांढरी साडी, मिरज

मी नर्स आहे, बरीच वर्षं बायकांच्या वॉर्डात. सगळ्यांनी त्या टेबलवरच्या बोलण्याचं कौतुक केलंय म्हणून पहिल्या भागाचा शेवट आठवून देते.

त्यांच्यात दोन शब्द ठरलेले असतात. पिवळा म्हणजे आता सोसेनासं झालंय, लाल म्हणजे थांब. शेवटी तीच म्हणते की शिक्षा किती वाईट असू शकते ते मला दाखव, तो पट्ट्यानं सहा फटके मारतो, ती मोजते, रडते, आणि त्याला सोडून निघून जाते. लाल म्हणत नाही. पुढच्या भागात तो विचारतो तू शब्द का वापरला नाहीस, तर ती म्हणते सुचलंच नाही. लोकांनी ह्या उत्तरावर फार नावं ठेवलीत, मला ते पुस्तकातलं सगळ्यात खरं वाक्य वाटलं.

कारण मी रोज बघते. बाईला नवऱ्यासमोर विचारलं, दुखतंय का, तर नाही म्हणते. सासू उभी असली तर मान पण हलवत नाही. नवरा औषध आणायला खाली गेला की हळूच सांगते, सिस्टर, टाके भरेपर्यंत घरी पाठवू नका. बाळंतपण होऊन महिना झाला नाही आणि घरी काय होणार हे तिला माहीत असतं. डॉक्टरांनी निदान सहा आठवडे तरी थांबा म्हणून सांगितलेलं असतं, पण ते सांगितलेलं असतं तिला, त्याला नाही. मी आता डिस्चार्जच्या वेळी नवऱ्याला समोर बोलावून त्याच्या तोंडावर सांगते. काही लाजतात, काही रागावतात, काही मात्र खरंच म्हणतात की बरं झालं सांगितलंत, आम्हाला कोण सांगणार.

तेव्हा ताई, विचारणं चांगलंच. पण नाही म्हटल्यावर काही बिघडणार नाही ही खात्री नसली की नाही शब्द तोंडातून निघत नाही, मग समोर कलमं असू देत नाहीतर रंग. आणि जो माणूस तुमची गाडी न विचारता विकतो त्याच्यासमोर लाल म्हणायची हिंमत कुठनं आणायची? खोलीबाहेर तिचं काही चालत नसेल तर खोलीत पण ते पूर्ण चालत नाही. तुम्ही जे दोन भाग वेगळे केलेत ते माझ्या मते एकच आहेत.


कृष्णाकाठ, सांगली

सिस्टर, हे वाचून मी तासभर नुसती बसून होते. हेच मला सापडत नव्हतं. आत विचारतो बाहेर विचारत नाही असं मी म्हणत होते, पण बाहेर विचारत नाही म्हणूनच आतलं विचारणं अर्धं राहतं. ॲनाला तो हॉटेलात विचारतो तेव्हाच तिला माहीत असतं की नाही म्हटलं तर हा माणूस जाईल, आणि ती त्याच्यावर जीव टाकून बसलीय. ते पान मी दोनदा वाचलं तरी हे दिसलं नाही मला.

बाळंतपणाचं लिहिलंत त्याबद्दल काय बोलू. आमच्या घरी मी आईकडं होते सवा महिना, म्हणून वाचले असं आता वाटतं. माहेरी पाठवायची पद्धत त्यासाठीच पडली असेल का?


द्राक्षबाग, तासगाव

पुरुष आहे, लिहू का नको करत होतो. बायकोनं वाचायला लावलं हे पुस्तक, मोबाईलवर, रोज थोडं थोडं, निम्म्याच्या वर झालंय. ताईंनी वाचून लिहा म्हटलंय म्हणून आधीच सांगितलं.

आम्हाला पण कुणी शिकवलं नाही. जे कळलं ते हॉस्टेलला पोरांच्या फोनवर बघून कळलं, आणि त्यात कुणी कुणाला काही विचारत नाही, बाईला सगळं आपोआप आवडतच असतं. ते बघून लग्न केलं. पहिली दोन वर्षं मला वाटायचं सगळं बरोबर चाललंय कारण ती काही म्हणत नव्हती. ह्या पुस्तकातला तो जेवणाचा प्रसंग बायकोनं मला मुद्दाम वाचायला दिला, काही बोलली नाही, नुसता फोन पुढं केला. मी वाचला आणि मग काय बोलावं मलाच कळेना.

अडचण सांगतो, कुणाला हसायचं तर हसा. ग्रेचं घर केवढं, हॉटेल केवढं. आमच्या दोन खोल्या, मधे एकच भिंत, पलीकडं आई-आण्णा, आण्णांना रात्री खोकला. इकडं कूस बदलली तरी तिकडं कळतं. कुजबुजून पण बोलता येत नाही. सगळं गुपचूप आणि लवकर. आता ह्यात विचारायचं कधी आणि कसं? मनापासून विचारतोय.


पांढराकोट नव्हे पांढरी साडी, मिरज

दादा, हसणार कोण आणि कशाला. रात्री अंथरुणावर विचारूच नका. त्यावेळी विचारलं की तिला वाटतं आता उत्तर द्यायचं आणि लगेच करायचं. दिवसा विचारा, ज्या दिवशी काही व्हायचं नाही अशा दिवशी. आणि समोरासमोर बसून डोळ्यात बघून नको, अवघड होतं. बागेत छाटणीला, विरळणीला दोघं जात असाल ना, हात कामात असले की बोललं जातं.

आणि ती नाही म्हणाली कशाला, तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून फिरू नका. ती त्याच्यावरनं ठरवणार पुढच्या वेळी खरं सांगायचं का नाही ते.


निळीशाई, कराड

गाडीवरून येताना. मागं बसलेल्या माणसाला तोंड दिसत नाही, पुढच्याला मागचं दिसत नाही, वाऱ्यात तिसऱ्याला ऐकू जात नाही. आमचं सगळं महत्त्वाचं बोलणं कराड ते माहेर ह्या रस्त्यावर झालंय. दादा, तुम्ही विचारताय हेच मला आवडलं.


पोवईनाका, सातारा

फक्त वाचणार होतो पण आता राहवेना. आमच्याकडं घर मोठं आहे, खोली वेगळी आहे, एसी आहे, आणि तरी बोलणं नाही. तेव्हा भिंतीचा प्रश्न आहेच पण नुसता भिंतीचा नाही. माझ्यापुरतं सांगतो, विचारायची भीती वाटते की ती म्हणेल मला हे काहीच आवडत नव्हतं इतकी वर्षं. ते ऐकायची तयारी नाही म्हणून विचारत नाही. धाग्याबद्दल आभार.


धोमकाठ, वाई

पोवईनाका, तुम्ही लिहिलंत ते लिहायला धैर्य लागतं. माझी पत्नी जाऊन काही वर्षं झाली. तुमच्याकडं अजून वेळ आहे, विचारा.


काळाकोट, मिरज

निळीशाईंना एक प्रश्न, तुम्ही तिन्ही वाचलेत म्हणून. शेवटी काय होतं? तो सुधारतो का?


निळीशाई, कराड

सुधारतो, लग्न होतं, मुलं होतात, प्रेमकथा म्हटली की गोड शेवट लागतोच, वाचणारी त्याच भरवशावर पुस्तक उघडते. दुसऱ्या भागात तो स्वतः म्हणतो की आता अटी नाहीत, शिक्षा नाहीत, आणि त्याचं लहानपण बाहेर येतं, ते मला खरंच लागलं. पण एवढं मान्य करते, तो बदलतो ते तिच्या प्रेमामुळं बदलतो असं दाखवलंय. त्याला एक डॉक्टर पण आहे मानसोपचाराचा, आणि तरी सगळं श्रेय तिच्या प्रेमाला. ही गोष्ट मला आवडणाऱ्या पुस्तकांत पण सारखी येते आणि तिथं मी ताईंच्या बाजूनं आहे. बाईनं सोसलं, जीव लावला, की पुरुष ताळ्यावर येतो, ह्या आशेवर आपल्याकडं बायकांनी आयुष्यं घालवलीत. माझ्या मावशीनं घालवलं.


कृष्णाकाठ, सांगली

हो. माझ्या मोठ्या बहिणीनं पण.

मी दुसरा भाग सुरू केलाय. निळीशाई, तुम्ही म्हणताय तर त्याच्या लहानपणाचा भाग येईपर्यंत नक्की वाचते. आणि आमच्या कॉलनीतली ती पोर, तिला मी हे पुस्तक वाचलंस का विचारलं, तर म्हणाली काकी, दोनदा. उद्या येणार आहे गप्पा मारायला. सिस्टर, तुम्ही नाही म्हणता येण्याबद्दल जे लिहिलंय ते तिला तसंच दाखवलं तर चालेल का? नाव वगैरे काही सांगणार नाही.


पांढराकोट नव्हे पांढरी साडी, मिरज

चालेल की, त्यासाठीच लिहिलंय. पण आधी तिला काय वाटलं ते विचारा, माझं नंतर दाखवा.


द्राक्षबाग, तासगाव

आज बागेत दोघंच होतो. विचारलं. ती आधी म्हणाली तुम्हाला काय झालंय आज, मग बराच वेळ काहीच नाही, मग बोलली. सगळं इथं लिहीत नाही. पुस्तकाचा राहिलेला भाग आता दोघं मिळून वाचणार आहोत, तिचं म्हणणं आहे की पट्ट्याच्या प्रसंगाला तिनं थांबवून ठेवलंय, माझ्याबरोबर वाचायचाय.